गरडसरांची बिनविरोध निवड

आमच्या कॉलेजात प्राध्यापक संघाचा अध्यक्ष निवडायची एक रीत होती. जो सभेला येणार नाही, तो अध्यक्ष. तशी संघाची छापील घटना होती. तीत सूचक, अनुमोदक, गुप्त मतदान असं सगळं होतं आणि ती माझ्या ग्रंथालयातल्या कपाटात धूळ खात पडली होती. खरी रीत ही. कुणीतरी गैरहजर माणसाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी बाकं बडवायची आणि सुटलो बुवा म्हणत चहाला जायचं. त्यामुळे संघाच्या सभेला जेवढी हजेरी असायची तेवढी वर्गावर कधीच नसायची. तापानं फणफणलेले प्राध्यापक घोंगडं पांघरून येऊन बसलेले मी या डोळ्यांनी पाहिलेत.

रीत उगाच पडली नव्हती. सेलूचं हे कॉलेज निजामाचं राज्य गेल्यावर काही वर्षांनी कापसाच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात निघालं. संस्थेचे सचिव बन्सीधरशेठ. त्यांची गावात आणखी दोन जिनिंग चालू होती आणि हाताशी हमाल, गडी, पैलवान असा सगळा लवाजमा होता. कॉलेज त्यांना तिसरं जिनिंगच वाटे. संघाचा पहिला अध्यक्ष त्यांच्याशी वाद घालायला गेला, तर तो आणि त्याची सायकल दोघंही आडात सापडले. माणूस दोराला धरून वर आला आणि तसाच ओल्या कपड्यांनी स्टेशनवर जाऊन मिळेल त्या गाडीनं गाव सोडून गेला. दुसऱ्या अध्यक्षाचे पुढचे दात गेले. मग आपण होऊन अध्यक्ष व्हायला कोण बसलंय?

मी ग्रंथपाल. प्राध्यापकांच्या लेखी मी माणूस आणि कपाट यांच्या मधला कुणीतरी. सभा माझ्याच खोलीत भरायच्या, खुर्च्या मी मांडायच्या, पण मला मत नव्हतं. त्यामुळे कोण कसा आहे हे मला फार स्वच्छ दिसायचं, आणि जे दिसायचं त्यानं माझं डोकं तापायचं. ते अजून तापतं.

मुंजाजी गरड इतिहास शिकवायचे. देवगाव फाट्याच्या अलीकडं, आत गेलेल्या वाटेवर त्यांचं गाव. हाडकुळा माणूस, आवाज मात्र खणखणीत. अर्धं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यामुळे शिकवतानाही हुकूमत, तख्त, बगावत असे शब्द यायचे आणि पोरं खूश व्हायची. थोरला भाऊ लिंबाजी यानं स्वतः शाळा सोडून नांगर धरला आणि याला हैदराबादेपर्यंत शिकवलं. रझाकारांच्या धामधुमीत हाच लिंबाजी कुऱ्हाड उशाला घेऊन घर राखत बसायचा. गरडसरांची त्याच्यावर फार माया. सुट्टी मिळाली की गावाकडं पळायचे, शेतात राबायचे आणि सोमवारी पॅंटला भुसकट चिकटलेलं असतानाच वर्गावर उभे राहायचे. आमचे इंग्रजीचे व्यंकटराव त्यांना ‘शेतकी खात्याचे प्रोफेसर’ म्हणायचे. गरडसरही हसायचे. मला मात्र व्यंकटरावांची मुंडी पिरगाळावीशी वाटायची.

१९५९ च्या फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा चालू होती. बन्सीधरशेठांचा पुतण्या रंगनाथ उघड उघड नक्कल करत होता. गणिताचे देऊळगावकर नवीन होते, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी त्याच्या बाहीतून कागद ओढला. रंगनाथनं बाकाची निखळलेली फळी उचलली आणि देऊळगावकरांच्या कानशिलावर घातली. पडल्यावर आणखी दोन घातल्या. कानातून रक्त येऊन उत्तरपत्रिका भिजल्या. प्राचार्य धावत आले आणि म्हणाले, “जाऊ द्या, पोरबुद्धी आहे.”

शनिवारी हे घडलं. रविवारी सकाळी सभा. पोलिसात फिर्याद द्यायची यावर सगळ्यांचं एकमत होतं. ती कुणी द्यायची यावर सगळे खाली बघत होते. संघाच्या अध्यक्षानं द्यावी असं ठरलं, आणि अध्यक्ष तर नव्हताच. डोक्याला फडकं बांधून देऊळगावकरसुद्धा येऊन बसले होते. नव्हते फक्त गरडसर. ते शुक्रवारीच ज्वारीच्या मळणीला गावी गेले होते. त्यांना ना मारहाण माहीत, ना सभा.

व्यंकटराव उठले. “गरडांसारखा मातीतला, धिप्पाड, निर्भय माणूस आपल्याला लाभणं हे भाग्य आहे,” असं म्हणाले.

“त्यांना विचारायला नको का?” मी दारातून म्हणालो.

“ग्रंथपालांना मत नाही,” व्यंकटराव म्हणाले, आणि सगळे हसले. बाकं बडवली गेली. चहा झाला. दुपारी व्यंकटराव मोठ्या ऐटीत चौकीवर जाऊन फौजदाराला तोंडी सांगून आले, की आमचे नवे अध्यक्ष गरड उद्या सकाळी येऊन रीतसर फिर्याद देतील. फौजदाराचं आणि बन्सीधरशेठांचं उठणंबसणं कसं होतं हे सेलूतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी कॉलेज भरायच्या आधीच बन्सीधरशेठ ग्रंथालयात आले. पान चघळत म्हणाले, “तुमचा नवा अध्यक्ष आता चार महिने फळ्यावर लिहीत न्हाई बघा.” मला अर्थ लागला नाही. तासाभरानं कळलं, गरडसर सरकारी दवाखान्यात आहेत.

झालं होतं ते असं. गरडसर उजाडल्यावर गावाहून सायकलवर निघाले. फाट्याच्या अलीकडं बाभळीच्या दाटीत कुणीतरी चाकात दांडकं घातलं. ते पडले. तिघंजण होते, तोंडाला पंचे बांधलेले. एक जण छातीवर बसला. दुसऱ्यानं उजवा हात दगडावर दाबून धरला. तिसऱ्याकडं उभारी होती, बैलगाडीच्या कडेचा लाकडी दांडा. त्यानं मनगटावर घाव घातला, मग कोपराखाली घातला. ज्वारीचं धाट मोडल्यासारखा आवाज झाला, असं सर मला पुढं म्हणाले. मग बरगड्यांत लाथा. सगळं होईतो तिघांपैकी एकानंही तोंडातून शब्द काढला नाही.

तो एक शब्द काढला असता, तर पुढचं टळलं असतं.

कारण आदल्याच दिवशी खळ्यावर भावकीचं भांडण झालं होतं. चुलतभाऊ वाल्मीक यानं दोन्ही शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभळ तोडली. गरडसर म्हणाले, मी सेलूला जाऊन मोजणीचा अर्ज देतो. वाल्मीक तापट. साऱ्या खळ्यादेखत ओरडला, “तू अर्ज लिव तर खरं! लिवनारा हातच मोडून ठिवतो का न्हाई बग!” असं भावकीत दर सुगीला बोललं जातं आणि संध्याकाळी एकमेकांची तंबाखू खाल्ली जाते. पण दुसऱ्या सकाळी नेमका तोच हात मोडला. आपण एका संघाचे अध्यक्ष झालोय हे ज्या माणसाला माहीतच नाही, तो दुसरं काय समजणार?

दैवशालाबाई म्हणजे सरांची बायको, ती सेलूतच असायची. तिच्यासाठी बांधून दिलेली भाकरीची फडकी घरीच राहिली होती. ती घेऊन लिंबाजी मागून येत होता. भाऊ रक्तात पडलेला बघून तो खाली बसला.

“मुंजा, कुनी केलं रं ह्ये?”

“वाल्मीक,” सर म्हणाले आणि बेशुद्ध झाले.

एक कडब्याची गाडी सेलूकडं निघाली होती. लिंबाजीनं भावाला तीत घातलं. स्वतः मात्र गाडीत बसला नाही. गावाकडं फिरला.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा कंपाउंडर हाताला फळ्या बांधत होता आणि सर ओठ चावून पडले होते. दैवशालाबाईनं त्यांचे खांदे दाबून धरले होते. मी सगळं सांगितलं. देऊळगावकर, सभा, बाकं बडवणं, बन्सीधरशेठांचं बोलणं. सांगताना मला स्वतःची नाही, त्या सगळ्या सुटाबुटातल्या गर्दीची शरम वाटत होती.

 सर एकदम म्हणाले, “दादा कुठाय?”

“गावाकडं गेलेत म्हनं,” दैवशालाबाई म्हणाली. “गाडीवाला सांगायलाय, लय बिथरलेत.”

सर उठले. फळ्या अर्धवट बांधलेल्या. कंपाउंडर आडवा आला, त्याला डाव्या हातानं ढकललं. दैवशालाबाई ओरडली, “अवो, कुठी निघालाव? मराल की!” पण ती हुशार बाई. त्यांचा चेहरा बघून तिला उमगलं. तिनं आपल्या लुगड्याचा पदर टरकावला, हात त्यांच्या गळ्यात बांधला आणि मला म्हणाली, “भाऊ, तुमी संगं जावा. ह्येंच्या त्या शिकलेल्यांपैकी कुनी यायचं न्हाई.”

रिकामी निघालेली एक मालमोटार मिळाली. खड्डा आला की सर कण्हायचे आणि ड्रायव्हरला म्हणायचे, “हाण, आणखी हाण.”

वाल्मीक रानातून उशिरा खळ्यावर आला होता, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा तिथं रणकंदन नुकतंच पेटलं होतं. दोन्ही घरचे गडी काठ्या, उभाऱ्या, हाताला लागेल ते घेऊन एकमेकांवर तुटून पडले होते. बाया किंचाळत होत्या. मळलेल्या ज्वारीच्या राशीवर वाल्मीक पालथा पडला होता. लिंबाजीनं कुऱ्हाडीच्या पात्यानं नाही, उलट्या बाजूनं मारलं होतं, पण ते डोळ्यावर बसलं होतं. राशीत लाल खळगा पडला होता. वाल्मीकच्या भावानं लिंबाजीचं डोकं फोडलं होतं आणि त्या रक्तातूनही लिंबाजी पुन्हा कुऱ्हाड उचलत होता.

सर सरळ मध्ये घुसले. एक काठी त्यांच्या पाठीत बसली, एक मोडक्या हातावरच बसली. ते गुडघ्यावर आले, पण हटले नाहीत. वाल्मीकच्या अंगावर आडवे पडले आणि ओरडले, “दादा, थांब! ह्येनं न्हाई मारलं मला! मी चुकलो! मी अध्यक्ष झालोय म्हणून मारलं!”

काठ्या थांबल्या. लिंबाजी डोळ्यांतलं रक्त पुसत म्हणाला, “काय झालास?”

“अध्यक्ष.”

“कशाचा?”

“मास्तरांचा.”

कुणाला काही कळलं नाही. लिंबाजीच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. वाल्मीक हंबरडा फोडत होता. त्या दिवशी मला माणसाच्या जातीचाच संताप आला, आणि सगळ्यात जास्त आला तो चहा पिऊन घरी गेलेल्यांचा.

वाल्मीकचा डोळा परभणीच्या दवाखान्यात काढावा लागला. लिंबाजीला बेड्या घालून नेलं. वाल्मीकच्या भावांनी चावडीसमोर शपथ घेतली, डोळ्याला डोळा घेणार. अध्यक्ष बिध्यक्ष थापा आहेत, लिंबाजीला सोडवायला मास्तरनं रचलेली कहाणी आहे, असं त्यांचं म्हणणं. गरडांच्या घरातलं माणूस पाण्याला बाहेर पडेना. एकदा विळा घेऊन दोघं सरांच्या वहिनीमागं धावलेही.

आता एकच उपाय होता. संघातल्या कुणीतरी गावात जाऊन सांगायला हवं होतं, की होय, आम्ही यांना निवडलं, आणि मार त्याचा आहे. नाहीतर आणखी एक मुडदा पडणार हे दिसत होतं.

सर गळ्यात हात बांधून प्राध्यापकांच्या खोलीत आले. आवाज चढवला नाही. “फौजदाराकडं येऊ नका,” म्हणाले. “शेठांचं नावही घेऊ नका. फक्त माझ्या गावी चला आणि वाल्मीकच्या बायकोला सांगा.”

कुणी खिडकीबाहेर बघितलं, कुणी वहीत. देऊळगावकर तर रजा टाकून आपल्या गावी गेले होते. शेवटी व्यंकटराव घसा साफ करून म्हणाले, “गरड, तांत्रिकदृष्ट्या ती सभाच नव्हती. गणपूर्तीचा प्रश्न होता. आणि उमेदवाराची संमती नसताना निवड ग्राह्य कशी धरायची?”

“पण तुम्ही चौकीवर माझं नाव सांगून आलात.”

“ते अनौपचारिक होतं.”

टेबलावर शाईची दौत होती. ती मी उचलली आणि व्यंकटरावांच्या छातीवर मारली. कोट, सदरा, टाय, सगळं निळं झालं. मला मत नव्हतं, दौत होती. ते केल्याचं मला आजही बरंच वाटतं. सरांनी मात्र मला हाताला धरून बाहेर नेलं.

“तुम्ही तरी याल का?” त्यांनी विचारलं.

आम्ही दोघंच गेलो. वाल्मीकच्या अंगणात त्याचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे होते. एकानं सरांची गचांडी धरली. मी मागं सरलो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात वाल्मीकची बायको चतुराबाई घरातून आली आणि म्हणाली, “सोडा त्यास्नी. बोलू तर द्या.”

मी सांगितलं. जसं घडलं तसं, बाकं बडवण्यासकट. तिनं डोक्यावरचा पदर ओढून सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “आन् ह्येन्ला इचारलं न्हाई कुनी, व्हतूस का म्हनून?”

“नाही.”

“लेक द्यायची तर आमी आता तिलाबी इचारायलोत,” ती म्हणाली. मग सरांकडं वळली. “भावजी, तुमी आमच्या ह्येंचं नाव घेतलं. एका शब्दानं माज्या धन्याचा डोळा गेला. घेतलं का न्हाई?”

“घेतलं, वयनी.” सर रडत होते. “चूक माझी हाय. डोळा पायजे तर माझा घ्या.”

“तुमचा डोळा घिऊन म्या काय करू? जसं ह्येंचं नाव घेतलं, तसं ज्यानं मारलं त्येचं घ्या की. अमीनासमोर घ्या, माज्या कानांदेखत. मग म्या मानते तुमचं खरं हाय.”

फौजदाराला गावात अजून अमीनच म्हणत. सरांनी मान डोलावली. बन्सीधरशेठांचं नाव घेतलं की नोकरी गेली, हे त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं आणि झालंही तसंच, उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांना काढलं. लिंबाजीनं ज्यासाठी शाळा सोडली होती ती ही नोकरी. वाटेत गाडीत सर एवढंच म्हणाले, “दादाला काय वाटंल?”

चौकीवर फौजदार आरामात बसला होता. सर टेबलासमोर उभे राहिले. चतुराबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. वाल्मीकचे भाऊ बाहेर लिंबाखाली बसले.

“फिर्याद द्यायचीय,” सर म्हणाले. “बन्सीधरशेठ आणि त्यांचा पुतण्या रंगनाथ यांच्यावर. देऊळगावकरांचा कान फोडला त्याची, आणि माझा हात मोडला त्याची.”

“तुम्ही कोण?”

“प्राध्यापक संघाचा अध्यक्ष.”

हे शब्द त्यांनी आपल्या तोंडानं शांतपणे उच्चारलेले मी पहिल्यांदाच ऐकले. फौजदार हसला. “व्यंकटराव कालच येऊन गेले. म्हणाले, अशी सभाच झाली नाही. मग तुम्हाला अध्यक्ष कुणी केलं, गरडसर? नाव सांगा एकाचं.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं सरलो, तर फौजदार म्हणाला, “तुम्ही प्राध्यापक नाही.” आता हा दौतीवर झाकण ठेवणार आणि आम्हाला हाकलणार, हे मला दिसत होतं. वाल्मीकचे भाऊ आत वाकून बघत होते. ही कहाणी थापच ठरली, तर संध्याकाळी गावात पुन्हा कुऱ्हाडी निघणार होत्या.

“म्या केलं,” दारातून आवाज आला. “लिवा.”

फौजदारानं वर बघितलं. “बाई, तुम्ही कॉलेजात शिकवता काय?”

चतुराबाई आत आली. टेबलाला दोन्ही हात लावून उभी राहिली. “माज्या धन्याचा डोळा गेलाय त्या निवडनुकीत. त्या मास्तरांचं काय गेलं? म्या न्हाई करायचं तर कुनी करायचं? लिवा म्हनते ना! नाव लिवा माजं. चतुराबाई.”

फौजदारानं टाक उचलला. बाहेर बरीच माणसं जमली होती, आता न लिहून त्याची सुटका नव्हती. सरांनी एकेक सांगितलं आणि त्यानं लिहून घेतलं. उजवा हात गळ्यात होता, म्हणून इतिहासाच्या एम. ए. नं डाव्या हाताचा अंगठा उठवला. चतुराबाईनंही शेजारी आपला उठवला.

मग ती बाहेर गेली आणि दिरांना म्हणाली, “उठा, गाडी जुपा. भावजींनाबी घ्या संगं. त्येंच्या घरी सांगू द्या, आता पान्याला निगा म्हनून. त्येन्ला चालवायचं न्हाई एवढ्या लांब.”

थोरला दीर मग उठला, बैल सोडून आणले आणि सरांना बसायला गाडीत कडबा पसरला.